घरात कासव आहे आणि आता मांजर येतंय

गेल्या वर्षी जुलैत आमच्या पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकाशी चिंब भिजलेलं एक पिल्लू सापडलं. लेकाने ते टॉवेलात गुंडाळून वर आणलं. "फक्त आजची रात्र" असं ठरलं, आणि ती रात्र अजून चालूच आहे. पिल्लाचं नाव गुंडी. अडचण एवढीच की हॉलच्या कोपऱ्यात आमचा दगडू आधीपासून राहत होता. दगडू म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेलं हिरवं कासव. दुकानात हे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसं मोठं असतं आणि "एवढंच राहतं" असं सांगून विकतात. आमचं नऊ वर्षांचं आहे आणि वीतभर झालंय.

कासवाला कवच आहे, मग मांजर त्याचं काय करणार, असं आम्हालाही वाटलं होतं. कवच म्हणजे चिलखत नव्हे. ते जिवंत हाड आहे, त्यात रक्त वाहतं आणि त्याला दुखतंही. शिवाय स्लायडरला मान, पाय, शेपूट आत घेऊन दार लावून बसता येत नाही, थोडं अंग बाहेर राहतंच. पण नख्यांपेक्षा मोठं नुकसान दुसरीकडेच होत होतं आणि ते लक्षात यायला आम्हाला महिना लागला. मांजर समोर दिसलं की दगडू पाटावरून (टँकमध्ये बल्बखाली ऊन खायला ठेवलेल्या कोरड्या फळीवरून) पाण्यात उडी टाकायचा. दिवसात दहा वेळा. म्हणजे त्याचं ऊन खाणंच बंद झालं. कासव स्वतःचं अंग आतून गरम ठेवू शकत नाही. बल्बखाली बसून अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही, कवच नीट वाळत नाही आणि त्यावर बुरशी किंवा कूज धरायला लागते. गुंडीने त्याला बोटही लावलं नव्हतं आणि तरी तो आजारी पडायच्या वाटेवर होता.

खालच्या पायऱ्या आम्ही चुकत चुकत शिकलेल्या. कासव धरून लिहिलंय, कारण आपल्याकडे घरात सरपटणारा प्राणी म्हटलं की बहुतेक वेळा हेच असतं. गेको (पालीच्या जातीचा), बिअर्डेड ड्रॅगन (सरड्याच्या जातीचा) किंवा साप असेल तर काय वेगळं, तेही मधे मधे आहे.

पायरी १: मांजर यायच्या आधी आठवडाभर वही

मांजर ठरवून आणत असाल तर हा आठवडा तुमच्या हातात आहे, आमच्या नव्हता. रोज तीन गोष्टी लिहा: काय आणि किती खाल्लं, किती वेळ पाटावर बसलं, आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन. काटा कासवासाठी वेगळा घ्या, कणीक मोजायचा नको.

ही वही नसेल तर पुढे "हल्ली जरा कमी खातंय का?" यावर घरात नुसता वाद होतो. सरपटणारे प्राणी ओरडत नाहीत, कण्हत नाहीत. त्यांचा त्रास असा आकड्यांतच दिसतो.

त्याच आठवड्यात आणखी एक काम: कासव तपासणारे डॉक्टर शोधून ठेवा. प्राण्यांचे बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरं बघतात. फोन करून "कासव बघता का, इंजेक्शन देता का" असं स्पष्ट विचारा आणि नंबर फ्रिजवर लावून ठेवा. हे काम रात्री अकराला करायची वेळ येऊ नये.

पायरी २: झाकण. सगळं इथे अडतं

मांजर टँककडे का जातं? हलतं काहीतरी दिसतं म्हणून, हे खरं. पण दुसरं कारण लोक विसरतात: ऊब. कासवाच्या पाटावर आपण ३० ते ३२ अंश ठेवतो. पावसाळ्यात अख्ख्या घरात तेवढी एकच कोरडी, उबदार जागा असते. मांजर ती पहिल्याच दिवशी हेरतं.

आमचं झाकण घरी बनवलेलं होतं. लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी, आणि चौकटीला क्लिपने अडकवलेला बल्ब. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी गुंडी त्यावर जाऊन झोपली. तेव्हा ती दोन किलोचीही नव्हती. जाळी खाली झोळीसारखी लोंबली, चौकट तिरकी झाली, क्लिप सरकली आणि तापलेला बल्ब थेट पाण्यात. फट्ट असा आवाज आला आणि घरातले दिवे गेले. आमच्या बोर्डावर आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) होता, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येतेय. दगडू दुसऱ्या टोकाला होता. टँक पूर्ण उपसून काचेचे तुकडे वेचण्यात संध्याकाळ गेली आणि गुंडी सोफ्याखालून रात्रीच बाहेर आली.

त्यानंतर फॅब्रिकेशनवाल्याकडून झाकण करून घेतलं. सांगताना हे सांगा:

जाळी वेल्ड केलेली, स्टीलची किंवा गॅल्व्हनाइज्ड, अर्धा इंची चौकड्यांची. मांजराचा पंजा आत जाता कामा नये. छोट्या गेकोसाठी याहून बारीक हवी. चौकट अॅल्युमिनियमच्या चॅनेलची, एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला दोन कड्या. एकच कडी असली की मांजर मोकळा कोपरा डोक्याने उचलतं. आणि सर्वात कामाची गोष्ट, जी मला फॅब्रिकेशनवाल्याने स्वतःहून सुचवली: झाकण सपाट नको, उतरतं करा, पत्र्याच्या छपरासारखं. उतारावर मांजर झोपू शकत नाही. दोनदा घसरलं की नाद सोडतं.

काचेचं पूर्ण झाकण ठेवू नका. आत वाफ कोंडते, उष्णता वाढत जाते आणि यूव्हीबी बल्बचे किरण (उन्हात असतात तेच अतिनील किरण) काचेतून पार होत नाहीत. या किरणांशिवाय कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही आणि कॅल्शियम कितीही घातलं तरी हाडं मऊ पडतात. धातूची जाळीही यूव्हीबीचा काही भाग अडवते, म्हणून बल्बपासून पाटापर्यंतचं अंतर पाकिटावर दिलंय त्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका. बल्ब झाकणावर टेकवायचा नाही. भिंतीत किंवा छतात हुक मारून साखळीने टांगायचा आणि भोवती जाळीचा डबा करायचा, नाहीतर मांजराच्या मिशा जळतात. मिशा जळल्याचा वास केस जळल्यासारखाच येतो, हेही आता माहीत झालंय.

वायरी विसरू नका. पिल्लाचे दात येत असतात तेव्हा ते सगळं चावून बघतं. हीटर, फिल्टर आणि बल्ब यांच्या वायरी केसिंग-पट्टीतून न्या. सॉकेटमध्ये जाण्याआधी प्रत्येक वायर थोडी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं पाणी त्या खालच्या वळणावरून फरशीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. बोर्डावर आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मांजर नसलं तरी बोलवा.

प्लॅस्टिकच्या टबात किंवा त्या ताडाचं झाड असलेल्या वाडग्यात कासव असेल तर मांजर आणायच्या आधी ते बदला. टब मांजर एका उडीत कलंडवतं. दोनशे लिटरच्या भरलेल्या टँकमध्ये नुसतं पाणीच दोनशे किलो असतं, तो हलत नाही. मात्र त्याच्या शेजारी सोफा, टीपॉय, कपाट असं काही ठेवू नका. मोठं मांजर जमिनीवरून सहज चार-पाच फूट उडतं, पायरी मिळाली तर विचारूच नका.

टँकच्या तीन बाजूंना बाहेरून कार्डपेपर चिकटवा, समोरची एकच काच उघडी ठेवा. सगळ्या बाजूंनी बघणारं कुणीतरी असलं की कासवाला पाठ टेकायला जागाच उरत नाही.

साप असेल तर झाकणाचं कुलूप दोन्हीकडून विचार करून लावा. अजगराच्या मोठ्या जातींचा साप असेल तर धोका मांजरालाच आहे, पिल्लाला तर नक्कीच.

पायरी ३: पहिले पंधरा दिवस मांजर वेगळ्या खोलीत

ज्या खोलीत कासव नाही तिथे मांजराचं सगळं बस्तान बसवा: वाटी, पाणी, शी-शूचा ट्रे, झोपायला खोकं. या दिवसांत डॉक्टरांकडे नेऊन जंताचं औषध आणि लसीकरण सुरू करायचं. पिसवांसाठी जे औषध द्याल ते डॉक्टरांनी सांगितलेलंच द्या आणि लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत मांजराला टँकच्या खोलीत सोडू नका, फवारा तर त्या खोलीत मारूच नका. इथेच एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: मांजरासाठी आणलेलं कुठलंही जंताचं औषध "थोडंसं कासवालाही" द्यायचं नाही. जंताच्या काही औषधांत असणारं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं.

मांजराच्या खोलीत उबदार जागा मुद्दाम करा. आम्ही कपाटावर जुनी गोधडी टाकली आणि खिडकीत उन्हाच्या पट्ट्यात एक खोकं ठेवलं. पुढे मांजर घरभर फिरू लागलं तरी या जागा काढायच्या नाहीत. उंच आणि ऊबदार अशी स्वतःची जागा असेल तर टँकच्या वाऱ्या निम्म्या होतात.

पायरी ४: फरशा मोजत समोर आणायचं

आमच्या हॉलच्या फरशा दोन फुटी आहेत, त्याच पट्टी म्हणून वापरल्या. आधी दोन-तीन दिवस टँकवर जुनी चादर टाकून मांजराला हॉलमध्ये येऊ द्या. खोली हुंगून, फिल्टरच्या आवाजाची सवय होऊन ते कंटाळलं पाहिजे. मग चादर काढा आणि मांजराला पाच फरशा लांब ठेवून दहा मिनिटं खेळवा. पिसांची काठी, दोरी, काहीही. रोज एक फरशी कमी. मधे बिनसलं तर दोन फरशा मागे.

बिनसलं हे कसं कळतं? मांजर बसलंय, इकडेतिकडे बघतंय, अंग चाटतंय, तर ठीक. अंग जमिनीला चिकटवून, कान पुढे करून, डोळे न हलवता बघतंय आणि शेपटीचं फक्त टोक हलतंय, तर ते शिकारीच्या तंद्रीत आहे. मागचं बूड डुलायला लागलं की पुढचा क्षण झडपेचा. तेव्हा ओरडू नका, अंगावर पाणीही उडवू नका. त्याने मांजर तुम्हाला घाबरायला शिकतं आणि तुम्ही नसताना तेच करतं. काठी हलवून लक्ष वळवा, खोलीबाहेर न्या.

वेळही बघा. मांजराचा शिकारीचा अंमल पहाटे आणि तिन्हीसांजेला चढतो. संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं दमवून खेळवा, लगेच जेवायला घाला. शिकार, जेवण, झोप हा त्याचा क्रम आहे, तो पुरा झाला की ते टँककडे ढुंकून बघत नाही.

कासवाकडेही त्याच वेळी लक्ष हवं. सावली पडताच पाण्यात उडी, दिवसभर पाण्यातच, काचेवर सतत पाय मारणं, खाणं टाकणं ही कासवाची लक्षणं. बिअर्डेड ड्रॅगनचा गळा काळा पडतो. लेपर्ड गेको शेपूट सावकाश नागमोडी हलवतो आणि फारच झालं तर शेपूट टाकून पळतो. ती पुन्हा येते, पण पहिल्यासारखी नाही. शिवाय त्याची चरबी शेपटीतच साठलेली असते, त्यामुळे नुकसान नुसतं दिसण्यातलं नाही. साप बिळातून बाहेर येत नाही, खाणं नाकारतो. यातलं काही दिसलं तर वही उघडा आणि मांजराला मागे घ्या.

ही दोघं मित्र होणार नाहीत. मांजर कासवाच्या पाठीवर बसलंय अशी चित्रफीत काढायचा मोह घरातल्या लहानग्यांना होतोच, आमच्याकडे तर मोठ्यांनाही झाला. मांजर कंटाळून टँकसमोरून निघून जातं आणि कासव पाटावरून हलत नाही, एवढं झालं की पायरी पुरी झाली असं समजा. आम्हाला सात आठवडे लागले.

पायरी ५: कासव टँकबाहेर असतं ती वेळ

झाकण भक्कम झालं की उरलेला बहुतेक धोका इथे असतो. पाणी बदलताना, खायला घालताना, गॅलरीत ऊन द्यायला नेताना.

नियम साधा आहे, कासव बाहेर तेव्हा मांजर बंद खोलीत. पण नियम एकट्याला माहीत असून चालत नाही. आमच्याकडे कामाच्या मावशी फरशी पुसायला म्हणून दार उघडतात, सासूबाई "बिचारी ओरडतेय" म्हणून उघडतात. शेवटी खोलीच्या कडीला लाल रिबन बांधायला सुरुवात केली. रिबन दिसली की दार उघडायचं नाही. पाहुण्यांनाही कळतं.

दगडूला आठवड्यातून एकदा कोळंबी मिळते. तिचा वास गुंडीला तिसऱ्या खोलीत लागतो. म्हणून कोळंबी टँकमध्ये नाही, वेगळ्या घमेल्यात पाणी घेऊन, दार लावून घालते, आणि त्याच वेळी पलीकडे गुंडीच्या वाटीतही काहीतरी पडतं.

गॅलरीतलं ऊन कोवळं, पंधरा-वीस मिनिटांचं. टब अर्धा सावलीत, वर जाळी, आणि तुम्ही तिथेच बसून. एप्रिल-मेच्या उन्हात उथळ टबातलं पाणी बघता बघता तापतं आणि कासवाला त्यातून बाहेर पडता येत नाही. मांजर बंद असलं तरी कावळे आणि घारी बंद नसतात.

हात साबणाने धुवा, कासवाला लावल्यावर आणि मांजराला लावण्याआधी. कासवाच्या अंगावर, पाण्यात माणसाचं पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत याच कारणाने १९७५पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. टँकचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका आणि मांजराला ते पिऊ देऊ नका. मांजरांना साठलेलं पाणी वाटीतल्या स्वच्छ पाण्यापेक्षा का आवडतं देव जाणे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला कासव हाताळायला देऊच नका.

पंजा किंवा दात लागलाच तर

जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि त्याचे दात सुईसारखे, त्यामुळे वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत खोलवर घाण गेलेली असते. सरपटणाऱ्या प्राण्यांत पू पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट गोळा होतो. तो आपोआप वाहून जात नाही. सूज दिसेपर्यंत कधीकधी आठवडा जातो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत: कासवाला पाण्यात सोडू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजने दाबून धरा. सलाइनने जखम धुवा, किंवा पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हवेला भोकं असलेल्या खोक्यात ओलसर सुती कापड घालून त्यात ठेवा, खोकं उबदार राहील असं बघा, पण बल्बखाली नको. हळद भरू नका, टूथपेस्ट लावू नका, आणि फुटलेलं कवच घरी चिकटवू नका. आत जंतू बंद करून वरून झाकण लावल्यासारखं होतं ते. फुटलेल्या कवचाचा तुकडा सापडला तर सोबत न्या.

उलटही होतं. स्लायडरची चोच धारदार असते. गुंडीने एकदा झाकण उघडं असताना पाण्यात पंजा घातला, दगडूने मान बाहेर काढून चोच उघडली, आणि पंजा वेळेत वर आला. तो एक धडा मात्र गुंडी स्वतःच शिकली.

जमलंच नाही तर

दोन महिने झाले, कासव खात नाही, वजन उतरतंय, तर टँक वेगळ्या खोलीत हलवा आणि ते दार कायमचं मांजराला बंद करा. वेगळी खोली नसेल तर दोघांपैकी एकासाठी माहितीतलं दुसरं घर शोधावं लागेल. कासवाला तळ्यात, नदीत, देवळाच्या कुंडात मात्र सोडू नका. रेड-इअर्ड स्लायडर हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या पाणथळ जागांमध्ये ते देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.

हेही तपासून घ्या की तुमच्याकडे आहे ते पाळायला चालतं का. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, कुणी शुभ म्हणून भेट दिलं असलं तरी. तसं असेल तर ते वन विभागाकडे सोपवायचं. इग्वाना, बॉल पायथन अशा परदेशी प्राण्यांची नोंद २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

आणि सगळं सुरळीत चाललं तरी दर महिन्याच्या एक तारखेला झाकणाच्या कड्या हलवून बघा, बिजागरीचे स्क्रू पिळा, जाळीला कुठे गंज धरलाय का बघा. पाण्याच्या वाफेने पावसाळ्यात तो लवकर धरतो. यूव्हीबी बल्ब पेटत असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण संपत येतात, म्हणून लावल्याची तारीख होल्डरवर मार्करने लिहून ठेवा. आमची मागची तारीख गुंडीने घासून पुसून टाकली, तेव्हा आता ती वहीतही आहे.